छोट्या भाषेत पगाराचं काम कसं शोधायचं?



आज बोलायचं आहे ते प्रोग्रामिंगच्या छोट्या भाषांबद्दल. छोट्या म्हणजे शिकायला सोप्या, असं नाही. ज्यांच्यात काम करणारी माणसं थोडी आणि ज्यांच्या नावाने निघणाऱ्या जागाही थोड्या, अशा भाषा. अर्लांग, इलिक्सर, हॅस्केल, क्लोजर, ओकॅमल ही त्यातली काही नावं.

या विषयावरचा प्रश्न बहुतेक वेळा एकाच साच्याचा असतो. विचारणारा मुलगा किंवा मुलगी बंगळूरला, हैदराबादला नाहीतर इंदूरला एखाद्या मोठ्या सर्व्हिस कंपनीत असते. तीन वर्षं झालेली असतात. दिवसा जावा, तेही जुन्या प्रोजेक्टची देखभाल. रात्री खोलीवर आल्यावर स्वतःच्या आवडीने इलिक्सर. आणि मग प्रश्न येतो: यात नोकरी मिळेल का? घरी विचारलं तर म्हणतात, बरी चाललीय ना नोकरी, मग नसते उद्योग कशाला?

घरच्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. गावाकडे घराचं कर्ज असतं, धाकट्या भावाची फी असते. त्यामुळे "मनाचं ऐका" असला सल्ला मी देणार नाही. हिशोबानेच बोलू या.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना सोपं जाईल. भाषेच्या नावाने नोकरी शोधू नका. ती भाषा ज्या अडचणीसाठी जन्माला आली, ती अडचण आज कोणाच्या दारात उभी आहे, ते शोधा. घड्याळजीकडे गिऱ्हाईक त्याचा चिमटा बघायला जात नाही, बंद पडलेलं घड्याळ घेऊन जातं. भाषा हा चिमटा आहे.

हे नीट कळायला अर्लांगची गोष्ट उपयोगी पडते.

१९८६ च्या सुमारास स्वीडनमधल्या एरिक्सन कंपनीच्या प्रयोगशाळेत जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी ही भाषा घडवायला घेतली. एरिक्सनचा धंदा टेलिफोन एक्स्चेंजचा. एक्स्चेंजचं दुखणं काय? एकाच वेळी हजारो कॉल चालू असतात. त्यातला एक बिघडला म्हणून बाकीचे तुटता कामा नयेत. आणि दुरुस्तीसाठी एक्स्चेंज बंद ठेवायची सोय नसते. म्हणून अर्लांगमध्ये प्रत्येक काम ही एक हलकीशी, स्वतंत्र प्रक्रिया असते. एकीचा दुसरीच्या मेमरीशी संबंध नसतो, निरोपानिरोपी तेवढी चालते. एक प्रक्रिया कोसळली, तर तिच्यावर नजर ठेवणारी दुसरी प्रक्रिया तिला पुन्हा उभी करते. चालू यंत्रणेत नवा कोड घालायचीही सोय आहे.

एरिक्सनने याच भाषेत एएक्सडी ३०१ नावाचा मोठा स्विच बनवला. त्यात अर्लांगच्या दहा लाखांहून जास्त ओळी होत्या. आणि गंमत बघा, १९९८ मध्ये त्याच एरिक्सनच्या एका विभागाने नव्या उत्पादनांसाठी अर्लांग वापरायला बंदी घातली. कारण व्यवहाराचं होतं: सगळं जग वापरतं ती भाषा घ्यावी, एकट्याने वेगळी भाषा का पोसावी? त्याच वर्षी डिसेंबरात अर्लांग मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुली झाली. ती घडवणारी बरीच मंडळी कंपनी सोडून बाहेर पडली आणि त्यांनी स्वतःची कंपनी काढली.

त्या दिवशी कोणी नोकरीच्या जाहिराती मोजून निर्णय घेतला असता, तर अर्लांग संपली असंच म्हणाला असता. पण एक्स्चेंजचं दुखणं संपलं नव्हतं. ते फक्त टेलिफोनकडून इंटरनेटकडे सरकत होतं. २००९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप सुरू झालं. त्यांना काय हवं होतं? लाखो फोन एकाच वेळी जोडलेले राहावेत, निरोप हरवू नये, यंत्रणा बंद पडू नये. म्हणजे एक्स्चेंजच की! त्यांनी अर्लांगमध्ये आधीच तयार असलेला ईजॅबरडी हा चॅट सर्व्हर घेतला आणि त्यावर काम करत गेले. २०१२ च्या सुरुवातीला त्यांनी जाहीर केलं, की एका सर्व्हरवर वीस लाखांहून जास्त जोडण्या एका वेळी चालल्या. २०१४ मध्ये फेसबुकने १९ अब्ज डॉलरला व्हॉट्सअ‍ॅप घ्यायचं ठरवलं, तेव्हा महिन्याला सुमारे ४५ कोटी लोक ते वापरत होते आणि इंजिनियर होते फक्त ३२.

या ३२ जणांना काम मिळालं ते बाजारात अर्लांगची लाट होती म्हणून नव्हे. थोड्या माणसांत, थोड्या यंत्रांवर कोट्यवधी लोकांचे निरोप पोचवायची अडचण समोर होती, म्हणून.

आता आपल्याकडे येऊ.

बंगळूरची जसपे ही पेमेंटच्या क्षेत्रातली कंपनी बरीच वर्षं हॅस्केल वापरते आहे. पैशाच्या व्यवहारात चुकीला जागा नसते. रक्कम एकदा कापली की दोनदा, व्यवहार झाला की अडकला, याचं उत्तर पक्कं लागतं. हॅस्केलची टाइप व्यवस्था असल्या कितीतरी चुका प्रोग्राम चालण्याआधीच पकडून देते. नम्मा यात्री हे बंगळूरचं रिक्षा बोलवायचं अ‍ॅप त्याच कंपनीतून उभं राहिलं. त्याचा सर्व्हरकडचा भाग हॅस्केलमध्ये आहे आणि कोड गिटहबवर खुला आहे. खऱ्या शहरात, खऱ्या रिक्षावाल्यांसाठी चालणारा हॅस्केल प्रोग्राम कसा दिसतो, हे घरबसल्या वाचता येतं. शिकणाऱ्याला याहून मोठी देणगी कोणती?

पुण्यात हेल्पशिफ्ट या कंपनीने क्लोजरवर मोठं काम उभं केलं. बंगळूरमध्ये निलेन्सो नावाची कंपनी आहे. तिथे काम करणारेच तिचे मालक, आणि क्लोजर ही त्यांची जुनी ओळख. परदेशात ब्राझीलची नूबँक ही बँक क्लोजरवर चालते. २०२० मध्ये तिने क्लोजरची देखभाल करणारी कॉग्निटेक्ट ही कंपनीच विकत घेतली.

ओकॅमलचं बघा. डिसेंबर २०२२ मध्ये ओकॅमलची पाचवी मोठी आवृत्ती आली. प्रोसेसरचे अनेक कोअर एकदम वापरण्याची सोय तिच्यात पहिल्यांदा आली. त्या कामात केंब्रिज विद्यापीठाच्या बरोबरीने आयआयटी मद्रासशी जोडलेल्या मंडळींचा मोठा वाटा आहे. म्हणजे एका भाषेच्या गाभ्यातलं काम चेन्नईत बसून झालं.

मुंबई-पुण्यातल्या परदेशी बँकांच्या कचेऱ्यांकडे पाहिलं, तर तिथे क्यू नावाची अगदी आखूड भाषा सापडते. शेअर बाजारातल्या प्रत्येक सौद्याची नोंद साठवणारा केडीबी हा डेटाबेस तिच्यावर चालतो. आणि १९५९ पासूनची कोबोल बँका आणि विमा कंपन्यांच्या मेनफ्रेमवर अजून रोजचा हिशोब घालते आहे. नवी पोरं तिच्याकडे फिरकत नाहीत आणि जुनी माणसं निवृत्त होत आहेत.

ही यादी पुन्हा एकदा नजरेखालून घाला. पेमेंट, बँक, शेअर बाजार, चॅट, टेलिकॉम. अडचण आधी, भाषा मागून. म्हणून तुमची पहिली वही अशी करा. डावीकडे लिहा, माझी भाषा कोणत्या दुखण्यावरचं औषध आहे. उजवीकडे लिहा, हे दुखणं आपल्या देशात आणि बाहेर कोणाकोणाला आहे. वीस नावं झाली, की एकेका कंपनीचे इंजिनियर परिषदांमध्ये काय बोलतात ते ऐका. बंगळूरच्या फंक्शनल कॉन्फसारख्या परिषदांमधली बरीच भाषणं व्हिडिओवर फुकट आहेत. नोकरीच्या पोर्टलवर जे कधीच लिहिलेलं नसतं, ते या भाषणांत सापडतं: यांच्याकडे काय चालतं, काय मोडतं, कोण सांभाळतं.

दुसरा मुद्दा दाखवण्याजोग्या कामाचा.

मोठ्या भाषेत सर्टिफिकेटांची रांग लागते. छोट्या भाषेच्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात. तिथे सर्टिफिकेटपेक्षा हातचं काम बोलतं. ते मोठंच असायला हवं असं नाही. एखाद्या लायब्ररीच्या माहितीपत्रकात चुकलेलं उदाहरण दुरुस्त करा. राहून गेलेली चाचणी लिहा. आपल्याकडच्या गरजेचं काही करा. लाख-कोटीच्या पद्धतीने स्वल्पविराम घालणं, देवनागरी शब्दांचा नीट क्रम लावणं, अशा गोष्टी छोट्या भाषांत पुष्कळदा राहून गेलेल्या असतात. जावाच्या जगात तुमच्या अशा दुरुस्तीकडे कोणाचं लक्षही जाणार नाही. इथे त्या लायब्ररीचा कर्ता स्वतः उत्तर देतो. सहा महिने असं सातत्याने केलंत, तर तुमचं नाव चार ओळखीच्या माणसांत जातं. छोट्या भाषेतल्या पुष्कळ जागा जाहिरात निघायच्या आधीच अशा ओळखीतून भरल्या जातात.

हेच काम पगारी करण्याचेही रस्ते आहेत. गूगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे आणि त्यात हॅस्केलसारख्या भाषांच्या संस्थांनी भाग घेतलेला आहे. आउटरीची ही इंटर्नशिप तंत्रक्षेत्रात ज्यांना सहज शिरकाव मिळत नाही अशांसाठी आहे, ती घरून करता येते, तिला मानधन आहे आणि ओकॅमलची मंडळी तिच्यात असतात. सरावासाठी एक्सरसिझम या संकेतस्थळावर अशा कितीतरी भाषा फुकट शिकता येतात आणि अनुभवी माणसं तुमचा कोड तपासून देतात.

तिसरा मुद्दा: नुसती भाषा पुरत नाही. क्लोजर ही जावाच्याच यंत्रावर चालते. तुम्ही तीन वर्षं जावाची देखभाल केलीय ना? मग मेमरी का भरते, सर्व्हर का अडतो, जुना डेटाबेस कसा वागतो, हे तुम्ही पाहिलेलं असतं. क्लोजर वापरणाऱ्या कंपनीला हेच हवं असतं. दिवसाच्या ज्या कामाचा तुम्हाला कंटाळा आलाय, तेच इथे तुमचं भांडवल आहे. इलिक्सरवाल्याने पोस्टग्रेस आणि नेटवर्क पक्कं करावं. हॅस्केलवाल्याने पेमेंट किंवा हिशोबाचं क्षेत्र समजून घ्यावं. "मला हॅस्केल येतं" आणि "मला यूपीआयचा अडकलेला व्यवहार कसा सोडवायचा ते कळतं आणि मला हॅस्केल येतं", या दोन वाक्यांच्या पगारात फरक आहे.

आणि उलट बाजूही लक्षात घ्या. अशा भाषा वापरणाऱ्या कंपन्यांनाही माणसं सहज मिळत नाहीत. म्हणून त्यांच्यातल्या काही जणी भाषा येत नसली तरी घेतात आणि शिकवतात. ओकॅमलवर चालणारी न्यूयॉर्कची जेन स्ट्रीट ही कंपनी उघडच सांगते, की अर्ज करायला ओकॅमल यायलाच हवं असं नाही. तेव्हा "अजून पक्की झाली नाही" म्हणून अर्ज अडवून ठेवू नका.

आता धोक्याचं बोलू, कारण खरा प्रश्न तिथे आहे.

छोट्या बाजारात नोकरी गेली, तर दुसरी शेजारच्या इमारतीत नसते. कदाचित दुसऱ्या शहरात असते, कदाचित चार महिने नसते. शिवाय कंपनी भाषाच बदलू शकते. रेडिट हे प्रसिद्ध संकेतस्थळ आधी कॉमन लिस्पमध्ये लिहिलेलं होतं. २००५ च्या डिसेंबरातच ते पायथनमध्ये नव्याने लिहिलं गेलं. गरजेच्या लायब्ररी तिकडे जास्त होत्या, हे त्यातलं एक कारण. भाषा वाईट होती असं नव्हे, पण निर्णय झाला.

म्हणून मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा. सभ्यपणे, पण विचाराच. ही भाषा इथे कोणी निवडली आणि ते माणूस अजून कंपनीत आहे का? या भाषेत लिहिणारे किती जण आहेत? ग्राहकांसमोर चालणारा कोड यात किती आहे, की हा बाजूला चाललेला प्रयोग आहे? नव्या माणसाला कोण शिकवतं? दुसऱ्या भाषेत जायचा विचार चालू आहे का? निवडणारा माणूस निघून गेलेला, लिहिणारे दोघेच आणि कोड प्रयोगापुरता, अशी उत्तरं आली, तर पगार कितीही असो, दोनदा विचार करा.

परदेशी कंपनीचं घरून करायचं काम मिळत असेल, तर आणखी एक हिशोब. तुम्हाला नोकर म्हणून घेतायत की कंत्राटदार म्हणून? कंत्राटदाराला पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, पगारी रजा नाही, आणि उद्यापासून येऊ नका म्हणाले तर फारसा आधार नाही. आगाऊ आयकर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च अशा चार हप्त्यांत स्वतः भरायचा असतो. जीएसटीची नोंदणी लागते का, ते सीएला विचारा. डॉलरचा आकडा बघून हुरळून जाऊ नका. हे सगळं वजा करून मग आजच्या पगाराशी तुलना करा. सध्याच्या कंपनीत नव्वद दिवसांची नोटीस असेल, तर ते पहिल्याच बोलण्यात सांगा. छोट्या कंपनीला तीन महिने थांबणं जड जातं आणि शेवटच्या क्षणी सांगितलं की विश्वास उडतो. प्रशिक्षणाचा बाँड केला असेल, तर तो काढून पुन्हा वाचा. आणि कामासाठी कोणी आधी पैसे मागितले, तर तिथेच नमस्कार करा.

मग उडी कोणी मारावी?

ज्याला येत्या दोन-तीन महिन्यांत पहिला पगार घरी पाठवायचाच आहे, त्याने आधी बाजारात चालते ती भाषा धरावी. जावा, पायथन, जावास्क्रिप्ट, जे जमेल ते. यात कमीपणा काही नाही. छोटी भाषा संध्याकाळी चालू ठेवता येते. ज्याच्या हाताशी सहा महिन्यांचा घरखर्च आणि कर्जाचे हप्ते बाजूला काढलेले आहेत, त्याने खुशाल शोधावं, पण आहे ती नोकरी सांभाळून. राजीनामा देऊन शोधायला बसू नये.

आणि आपल्याच कंपनीत चोरवाटेने छोटी भाषा घुसवू नका. तुम्ही गेल्यावर तो कोड कोण बघणार? साहेबांना विचारून, एखाद्या छोट्या, एकाकी कामासाठी वापरून दाखवा. रोजचा अहवाल बनवणं, फाइलींची तपासणी, असं काही. निभावलं, तर तोच तुमचा पहिला पगारी अनुभव. बायोडेटात तो मानाने लिहिता येतो.

एक शंका उरते. एवढं करून नोकरी नाहीच मिळाली तर शिकलेलं वाया गेलं का? रस्ट या भाषेचा पहिला कंपायलर ओकॅमलमध्ये लिहिला होता. फंक्शन हे मूल्य म्हणून हाती द्यायची रीत लिस्पच्या जगात कित्येक दशकं होती, ती जावात २०१४ मध्ये आठव्या आवृत्तीबरोबर आली. छोट्या भाषांतल्या कल्पना मोठ्या भाषांत उशिरा पोचतात, पण पोचतात. ज्याने त्या आधी शिकल्या, त्याला नवी आवृत्ती आली की धडपडावं लागत नाही. तरीही स्पष्ट सांगते, हे समाधान महिन्याच्या हप्त्याला चालत नाही. म्हणून आधी सांगितलेला हिशोब सोडू नका.

तर या आठवड्याचं काम एवढंच. वही घ्या, डावा-उजवा रकाना आखा, वीस नावं लिहा. त्यातल्या एका कंपनीच्या इंजिनियरचं एक भाषण पूर्ण ऐका. आणि तुमच्या भाषेच्या एखाद्या लायब्ररीत एक लहानशी दुरुस्ती पाठवा. पुढच्या वेळी घरून फोन आला आणि "त्या भाषेत नोकऱ्या आहेत तरी का?" असं विचारलं, तर "बघू" म्हणू नका. वही उघडा आणि नावं वाचून दाखवा.